पहिल्या ट्रेमधले कप

धुकं इतकं दाट होतं, की चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीच्या दारात आलेली बाई आधी नुसती एक सावली वाटली. मग सावलीला पदर आला, चेहरा आला.

तिने पायपुसण्यावर चपला घासल्या. मग काढल्या. मग उलट्या करून त्यांचे तळ बघितले आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.

"साफसफाईच्या कामात आहात," खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला.

"एकोणीस वर्षं," बाई म्हणाली. "आता नाही."

खुर्चीतल्या बाईंना सगळं गाव वहिनी म्हणत असे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीनंतर खासगी तपासाची पाटी लावली होती. त्यांना खरोखर वहिनी म्हणण्याचा हक्क मात्र एकट्याचाच होता, पलीकडच्या टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत बसलेल्या त्यांच्या दिराचा. भाऊजी शाळेत चित्रकला शिकवत. शाळेने निरोप दिल्यापासून ते वहिनींबरोबर तपासाला जात, दिसेल त्याचं चित्र काढत, आणि निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा काढत.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "कामावर तुम्हाला काय म्हणतात?"

"मावशी. सगळेच म्हणतात." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. तिच्या बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. "आइस्क्रीमचा कारखाना आहे. मशीन, पाइप, टाक्या, फरशी, सगळं धुण्याचं काम माझ्याकडे. हाताखाली चार बायका. या महिन्याच्या चार तारखेला, सोमवारी, आमचे कप वृद्धाश्रमात गेले. ते खाऊन आठवड्याभरात सहा माणसं आजारी पडली. पाच वाचली. एक निवृत्त पोस्टमन होते, ते एकोणीस तारखेला गेले."

भाऊजींचा चाकू पेन्सिलीवर थांबला.

"आणि बावीस तारखेला माझ्या कपाटात जंतुनाशकाचे दोन कॅन सापडले. सील न फोडलेले. म्हणे, चार तारखेला मी मशीन नुसत्या पाण्याने धुतलं आणि औषध घरी न्यायला लपवून ठेवलं."

"ठेवलं होतंत?"

"नाही." मग ती घुटमळली. "मला तरी तसं आठवत नाही. पण आता डोळे मिटले की मी तोच पाइप धुत असते. कधी औषध घालते, कधी विसरते. कुठलं खरं आणि कुठलं स्वप्न, तेच कळेनासं झालंय. नोकरी गेली तर गेली, बाई. मला एवढंच सांगा, तो माणूस माझ्या हातून गेला का?"

खिडकीबाहेर धुकं हळूच कूस बदलत होतं.

"एकोणीस वर्षांत रजा किती घेतलीत?" वहिनींनी विचारलं.

"एकदाच. मागच्या महिन्यात, भाचीच्या बाळंतपणाला. दहा दिवस."

"आणि कामावर कधी काही वेगळं जाणवलं?"

मावशीने आठवून पाहिलं. "सोमवारी मशीन सुरू झालं की पहिल्या धारेला वास यायचा. ओलं फडकं रविवारभर बादलीत कुजत पडावं तसा. केमिस्ट साहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, मावशी, एसेन्स हुंगून हुंगून तुमचं नाक बिघडलंय."

वहिनी उठल्या आणि त्यांनी शाल घेतली. भाऊजींनी वही काखोटीला मारली.

*

कारखाना बंद होता, पण झोपलेला माणूस श्वास घेतो तसा त्याचा शीतगृहाचा पंखा घरघरत होता. कुणी दार उघडलं की थंड वाफ फरशीवरून सरपटत यायची आणि घोट्यांशी घोटाळायची. सगळीकडे व्हॅनिलाचा वास होता, जुना, गोड, पेंग आणणारा.

मालक चाळिशीचे होते आणि बरेच दिवस झोपले नसावेत. त्यांच्या टेबलावर एक कागद टाइप करून तयार होता.

"मावशी मला आईसारख्या आहेत," ते म्हणाले. "त्यांनी फक्त एवढ्यावर सही केली, की चूक त्यांची होती, तर अन्न सुरक्षा खातं कारखाना उघडायला परवानगी देईल. साठ माणसं घरी बसली आहेत हो."

"आईला असल्या कागदावर सही करायला सांगाल?" वहिनींनी विचारलं.

मालकांनी कागद घडी करून खिशात घातला.

"कप भरायच्या हॉलला कुलूप कधी लागतं?"

"शनिवारी संध्याकाळी, सगळं धुऊन झालं की. सोमवारी सकाळी मी स्वतः उघडतो. मग मावशी पुन्हा सगळ्या पाइपांतून जंतुनाशक फिरवतात आणि काम सुरू होतं. मधे हॉलमध्ये माशीसुद्धा जात नाही. किल्ली माझ्या गळ्यात असते." त्यांनी शर्टातून दोरी काढून दाखवली.

"आणि जंतुनाशक कुठे असतं?"

"रसायनांच्या खोलीत. तिची किल्ली फक्त केमिस्टकडे. माझ्याकडेसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम!" या एका गोष्टीचा त्यांना अजून अभिमान होता. "ते मोजून दोन कॅन देतात, सही घेतात. चार तारखेची मावशींची सही आहे. तेच दोन कॅन कपाटात निघाले."

"त्या दिवसाचे कप तपासले?"

"रोजच्या पहिल्या ट्रेमधला एक आणि शेवटच्या ट्रेमधला एक कप आम्ही तीन महिने जपून ठेवतो. खात्याने चार तारखेचे दोन्ही नेले. पहिल्या ट्रेमधल्या कपात जंतू निघाले. शेवटच्या ट्रेमधला स्वच्छ."

"पहिला ट्रे कुठे जातो?"

"वृद्धाश्रमात. आमच्या गाडीचा तो पहिलाच थांबा."

वहिनींनी गेल्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक सोमवारचे कप मागून घेतले आणि बर्फाच्या पेटीत घालून आपल्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवून दिले. "चार दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "जंतूंना घाई चालत नाही. आता मला ते कॅन दाखवा."

कॅन मालकांच्या कपाटात जपून ठेवले होते. निळे, चकचकीत. भाऊजींनी एक उचलून खिडकीपाशी आणला, उजेडात फिरवला आणि तो चारी बाजूंनी कागदावर उतरवला. त्याचं बूडही सोडलं नाही. तिथे कंपनीने तो भरल्याच्या तारखेचा शिक्का मारला होता, याच महिन्याची अकरा. भाऊजींनी आकडेसुद्धा जसेच्या तसे काढले.

"किती बारीकसारीक काढता!" मालक म्हणाले.

"मला दुसरं काही येत नाही," भाऊजी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

*

हॉल लांबट आणि पांढरा होता. छताच्या धुरकट काचांतून येणारा उजेड दुधात पाणी मिसळल्यासारखा मऊ होता. त्यात स्टीलचे पाइप भिंतीभिंतीने वाहत गेले होते आणि शेवटी कप भरणाऱ्या यंत्रात उतरत होते. भाऊजी एका उलट्या क्रेटवर बसले. इतक्या शांततेत चित्र काढताना त्यांना नेहमी वाटे, की आपण पाण्याखाली बसलो आहोत.

वहिनी पाइपांवरून बोट फिरवत चालल्या होत्या. मधूनच थांबून बोट अंगठ्यावर चोळत. सगळं कोरडं, स्वच्छ, करकरीत होतं. पाइपांवर ठिकठिकाणी छोटे गोल निळे स्टिकर होते, त्यांवर आकडे.

"हे काय?" भाऊजींनी विचारलं.

"इथे कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. धुणं झालं की. जंतू राहिलेत का बघायला."

तासाभराने वहिनींनी वहीत डोकावून पाहिलं. भाऊजी नाराज होते.

"एक तर माझी मोजणी चुकली," ते म्हणाले. "एक ते सहा काढले आणि पुढे एकदम आठ आला. आणि हे बघा, इथे चित्र बिघडतंय. सगळ्या पाइपांवरचं इन्सुलेशन पिवळं पडलंय, छान जुन्या कागदासारखं. पण यंत्राच्या अलीकडे, या वळणावर, हातभर लांबीचा एक तुकडा पांढराफेक आहे आणि पोटासारखा पुढे आलाय. मी थोडा आत घेऊ का?"

"अजिबात नको," वहिनी म्हणाल्या. "जसं आहे तसंच ठेवा."

कारखान्याचा फिटर दारातच उभा होता. रुंद माणूस, हातात पाना, चेहऱ्यावर राग.

"मला विचारायचं तर आत्ताच विचारा," तो म्हणाला. "मशीनला काही झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीच बसवलंय."

"त्याच्या आधीचं मशीन कुठे होतं?"

"तिथे." त्याने भिंतीजवळची मोकळी जागा दाखवली. फरशीवर चार बोल्टांच्या खुणा होत्या. "काढून भंगारात दिलं."

"त्याला जाणारा पाइप?"

फिटरने पाना या हातातून त्या हातात घेतला. "मी म्हटलं होतं, दोन दिवस कारखाना बंद द्या, सगळं नीट करतो. सीझन होता. दोन तास दिले."

"आणि हे पांढरं इन्सुलेशन?"

"पाइपला घाम येत होता. खाली थेंब पडायचे. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी सांगितलं गुंडाळ, गुंडाळलं."

"कुठल्या साहेबांनी?"

"इथे मी सोडून सगळे साहेबच आहेत," फिटर म्हणाला आणि निघून गेला.

"हाच!" भाऊजी कुजबुजले. "राग बघितलात?"

"राग बघितला," वहिनी म्हणाल्या. "भीती नाही दिसली."

केमिस्टची खोली वरच्या मजल्यावर होती. तिशीचा सडपातळ तरुण, इस्त्रीचा पांढरा कोट. भिंतीवर चौकटीत स्वच्छतेचं पारितोषिक लावलेलं होतं. गेल्याच वर्षी मिळालेलं. त्याने आपण होऊन खुर्ची पुढे सरकवली, चहा मागवला आणि रजिस्टर उघडून समोर ठेवलं.

"धुण्याची ही सगळी पद्धत मी आखलेली आहे," तो म्हणाला. "किती गरम पाणी, किती वेळ, किती औषध. मिनिटामिनिटाची. पद्धतीत चूक नाही. माणसात असू शकते. मावशींबद्दल मला फार वाईट वाटतं."

रजिस्टरची पानं एकसारखी होती. दररोज सात नमुने, सातही स्वच्छ.

"सुंदर अक्षर," वहिनी म्हणाल्या. "नमुने नेहमी याच ठिकाणी घेता?"

"नवं मशीन बसलं त्या दिवसापासून हीच सात ठिकाणं. एकही बदललेलं नाही."

"आणि नेहमी धुतल्यानंतर?"

"अर्थात. धुणं नीट झालं का, तेच तर बघायचं असतं."

"सोमवारच्या वासाबद्दल मावशी तुमच्याशी बोलल्या होत्या."

केमिस्टने चहाचा कप खाली ठेवला. कप बशीवर किंचित वाजला. "बोलल्या असतील. त्यांचं काही ना काही असतंच."

*

चार दिवस वाट बघण्यात गेले. तिसऱ्या दिवशी वहिनी भाऊजींना घेऊन गावाबाहेरच्या ओढ्यावर गेल्या. दुपार ढगाळ होती, पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि वाहण्याचा आवाज असा, की कुणीतरी दूरच्या खोलीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतंय.

"चित्र काढा," वहिनी म्हणाल्या. "तो मधला दगड छान आहे."

भाऊजींनी चपला हातात घेतल्या, त्या दगडावर पाय ठेवला, आणि पुढच्याच क्षणी ते वहीसकट पाण्यात बसलेले होते.

"शेवाळ!" ते ओरडले. "दिसत नाही आणि पाडतं! वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं!"

"अंदाज होता." वहिनी हसत होत्या, पण डोळे दगडावर होते. "भाऊजी, या दगडावरून वर्षानुवर्षं पाणी वाहतंय. दिवसरात्र. मग तो धुतला का जात नाही?"

"कारण... चिकटलंय ते."

"चिकटलंय. नुसतं वाहून भागत नाही. घासावं लागतं. आणि घासायला हात पोचावा लागतो."

भाऊजी ओल्या विजारीने काठावर बसले आणि वही वाळत घातली. परतताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "मला वाटत होतं, हॉलमध्ये कोण शिरलं ते शोधायचं आहे. मी उगाच दाराकडे बघत बसले."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. वहिनींनी ऐकलं, एका कागदावर काही तारखा लिहिल्या आणि मालकांना निरोप पाठवला. उद्या सकाळी दहा वाजता सगळ्यांनी हॉलमध्ये यावं. फिटरने हत्यारं आणावीत.

*

दहा वाजता हॉलमध्ये सगळे जमले. मालक गळ्यातल्या दोरीशी चाळा करत होते. फिटर भिंतीला टेकला होता. केमिस्ट पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. मावशी दाराजवळच थांबली. आत यायला तिचे पाय धजत नव्हते. भाऊजी क्रेटवर बसले आणि त्यांनी वही उघडली.

"पहिला प्रश्न कॅनचा," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण रिकाम्या हॉलमध्ये तो स्पष्ट ऐकू येत होता. "मावशींनी चार तारखेला दोन कॅन घेतले आणि वापरले नाहीत, असा आरोप आहे. भाऊजी, कॅनच्या बुडाचं चित्र दाखवा."

भाऊजींनी पान उलटलं, आकडे वाचले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अरेच्चा! अकरा तारीख!"

"अकरा तारखेला कंपनीत भरलेला कॅन चार तारखेला मावशींच्या कपाटात कसा जाईल? चार तारखेचे कॅन केव्हाच वापरून संपले होते. कुणालातरी ते कपाटात सापडायला हवे होते, म्हणून त्याने नव्या साठ्यातले दोन आणून ठेवले. तारखेकडे त्याचं लक्ष गेलं नाही."

मालकांनी सावकाश केमिस्टकडे वळून पाहिलं. रसायनांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, हे त्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितलं होतं.

"दोन कॅन बाहेर पडायला हजार कारणं असतात," केमिस्ट म्हणाला.

"असतील. म्हणून दुसरा प्रश्न. जंतुनाशक वापरलं नसतं तर दिवसभराचे सगळेच कप वाईट निघाले असते. संध्याकाळचे तर जास्तच, कारण जंतू वाढत जातात. पण झालं उलटं. पहिला ट्रे वाईट, शेवटचा स्वच्छ. म्हणजे घाण सकाळी एकदाच आली, पहिल्या धारेबरोबर, आणि वाहून गेली. मावशींना त्याच धारेला वास यायचा."

"पण आणली कुणी?" मालक म्हणाले. "हॉलला कुलूप होतं!"

"कुणीच नाही. जंतू आतच राहत होते." वहिनींनी कागद काढला. "मी नऊ सोमवारचे कप तपासून घेतले. त्यांतल्या पाच सोमवारी पहिल्या ट्रेमध्ये तेच जंतू आहेत. तुमच्या नशिबाने थोडे, म्हणून कुणी आजारी पडलं नाही. त्या पाचांतला एक सोमवार असा आहे, की तेव्हा मावशी भाचीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या."

मावशीने चौकटीला हात टेकला.

"हे जंतू थंडीतही वाढतात," वहिनी पुढे म्हणाल्या. "आणि एकेकटे राहत नाहीत. एखादी निवांत ओली जागा मिळाली की चिकटून बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. बायोफिल्म म्हणतात त्याला. वरून औषध गेलं तर वरचे मरतात, आतले जगतात. घासलं तरच तो थर निघतो. रविवारभर सगळं शांत असलं की तो फुगतो. सोमवारी मशीनचा पहिला धक्का बसला, की त्याचे तुकडे सुटून पहिल्या कपांत पडतात. आता प्रश्न एवढाच, की या घासूनपुसून लख्ख हॉलमध्ये अशी जागा कुठे आहे?"

वहिनी पांढऱ्या इन्सुलेशनच्या तुकड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजींना वाटलं त्यांची मोजणी चुकली. एक ते सहा, मग आठ. भाऊजींचे निष्कर्ष चुकतात, डोळे चुकत नाहीत. पहिल्या दिवसापासून सातच ठिकाणं असती, तर शेवटच्याला सात नंबर मिळाला असता. आठ मिळाला, कारण मधे एक सातवं ठिकाण होतं. ते इथे होतं." त्यांनी फिटरकडे पाहिलं. "जुन्या मशीनकडे जाणारा पाइप तुम्ही दोन तासांत कापलात आणि टोक बंद केलंत. पण मुळाशी नाही कापलात."

"हातभर राहिला," फिटर खालच्या आवाजात म्हणाला. "नंतर काढणार होतो. नंतर कधी आलंच नाही."

"धुण्याचं पाणी सरळ पुढे जातं. या बंद तुकड्यात ते नुसतं साचतं. आणि तो गुंडाळायला कुणी सांगितलं?"

फिटरने मालकांकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीकडे बघितल्यावर त्याला खोटं बोलवेना.

"केमिस्ट साहेबांनी. वर स्टिकर होता तो त्यांनीच नखाने काढला."

"उघडा," वहिनी म्हणाल्या.

फिटरने इन्सुलेशन फाडलं. खाली पाइपाचा आखूड, बंद तोंडाचा फाटा होता. त्याने झाकण सैल केलं आणि ओलं फडकं कुजल्याचा वास हॉलभर पसरला. वहिनींनी हातमोजा चढवला, बोट आत घालून बाहेर काढलं. बोटावर फिकट गुलाबी, चकचकीत, लिबलिबीत असं काहीतरी होतं.

केमिस्ट खाली बसला. इस्त्रीच्या कोटासकट, फरशीवर.

"पहिल्या महिन्यात तीनदा वाईट निघालं ते ठिकाण," तो म्हणाला. "मी औषध वाढवलं. थोडे दिवस बरं गेलं. मला वाटलं जिंकलो. पारितोषिक मिळालं, तुम्ही सगळ्यांना बोलावून माझा सत्कार केलात. मग परत निघालं. आपली पद्धत चुकली, हे कुणाला सांगायचं? रोज म्हणायचो, उद्या सांगू. मग एक दिवस ते ठिकाणच काढून टाकलं. तक्ता स्वच्छ झाला. मलाही खरंच वाटायला लागलं, की पाइप स्वच्छ झाला."

"आणि माणूस गेल्यावर?" वहिनींनी विचारलं.

"खात्याची माणसं पाइप उघडतील म्हणून घाबरलो. मावशींवर आलं तर उघडणार नाहीत, असं वाटलं." त्याने मान वर केली नाही. "मावशी, मी..."

"थांब." मावशी पहिल्यांदाच आत आली. ती वहिनींच्या समोर उभी राहिली. "म्हणजे माझ्या हातून नाही?"

"तुमचा हात जिथवर पोचू दिला, तिथवर सगळं स्वच्छ होतं," वहिनी म्हणाल्या. "मी स्वतः बोट फिरवून पाहिलंय."

मावशीने आपले पांढरे पडलेले हात एकदा उलटसुलट बघितले. रडेल असं भाऊजींना वाटलं, पण ती रडली नाही.

मालकांनी टाइप केलेला कागद खिशातून काढून फाडला. "मी दोन दिवस दिले असते तर," ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मग त्यांनी सर्वांसमोर खात्याला फोन लावला आणि कोण, कुठे, कधीपासून, सगळं सांगितलं. आपणही त्यात आहोत, हेसुद्धा सांगितलं. खात्याची माणसं दुपारी येणार होती.

"दुपारपर्यंत वेळ आहे," मावशी केमिस्टला म्हणाली. "चल."

"कुठे?"

"जिथे सांगायला हवं तिथे."

*

वृद्धाश्रम गावाच्या टोकाला होता. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं, बागेतली झाडं कमरेपर्यंतच दिसत होती. व्हरांड्यात खुर्च्यांची रांग होती आणि शेवटच्या खुर्चीत एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. मांडीवर हात, नजर कुठेच नाही.

"पोस्टमनांची बायको," व्यवस्थापिकेने सांगितलं. "ते गेल्यापासून या बोलत नाहीत. जेवायला बसवलं तर बसतात, एवढंच."

केमिस्ट पुढे होईना. मावशीने त्याच्या कोपराला धरून त्याला म्हातारीसमोर उभं केलं. त्याने सांगायला सुरुवात केली. अडखळत, पाइपबद्दल, थराबद्दल, नखाने काढलेल्या स्टिकरबद्दल. बराच वेळ ती ऐकतेय की नाही तेच कळत नव्हतं.

"म्हणजे," ती अचानक म्हणाली, आवाज गंजल्यासारखा होता, "ते त्या कपांतच होतं? भरतानाच?"

"हो."

"माझ्या टेबलावर राहिल्यामुळे नाही?"

"नाही," वहिनी पुढे येऊन म्हणाल्या. "तुमच्यामुळे काहीच नाही. का?"

"माझा कप मी त्यांना दिला हो. दुपारभर तसाच ठेवला आणि मग दिला. त्यांनी दोन खाल्ले. बाकीचे वाचले ते एकेक खाल्लेले. मला वाटलं, मीच..."

मावशी तिच्या पायाशी खाली बसली. "मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "रोज रात्री."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग केमिस्टकडे. "हे तू आधी बोलला असतास," ती त्याला म्हणाली, "तर त्यांच्यासाठी रडले तरी असते मी. इतके दिवस तेही जमलं नाही." आणि तिने तोंड फिरवलं. केमिस्ट व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याला क्षमा मिळाली नाही, आणि त्याने मागितलीही नाही.

म्हातारी मग रडली. मावशीने तिचा हात धरून ठेवला. भाऊजींनी वही उघडली नाही.

खूप वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि शेजारच्या खुर्चीवर थोपटून मावशीला वर बसवलं.

"तुला सांगते," ती म्हणाली, "दुसरा कप त्यांनी इतका कोरून कोरून खाल्ला, की लाकडी चमचा मोडला. आणि वर मलाच म्हणाले, तुला थंड सोसत नाही ना, म्हणून तुझ्यावर उपकार करतोय!"

बोलता बोलता तिला हसू फुटलं.

"आयुष्यभर असंच," ती म्हणाली. "माझ्या ताटातलं उचलायचं आणि उपकार माझ्यावर."